पाहुणी होऊन आलेली यजमानीण

पाहुणचार करणारी माणसं आपल्याकडे पैशाला पासरी मिळतील. पण दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून जाऊन त्या घरातल्याच माणसांचा पाहुणचार करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझी मैत्रीण आहे हे सांगताना माझी मान अजून जराशी ताठ होते. कुणाच्याही उंबऱ्याच्या आत तिचं पाऊल पडलं की थोड्याच वेळात ते घर तिचं होतं आणि घरची माणसं तिची पाहुणी होतात. एकदा नाशिकरोडला एका बारशाला आम्ही दोघी जरा उशिरा पोचलो. दारात पेढ्यांचं ताट एका स्टुलावर एकटंच पडलं होतं. ते तिच्यानं बघवेना. तिनं ताट उचललं आणि मागून येणाऱ्यांचं स्वागतच सुरू केलं, "या या, उशीर केलात, ऊन फार झालं नाही ना? पेढा घ्या." त्या येणाऱ्यांत बाळाचे सख्खे आजोबाही होते. त्यांनी मुकाट्यानं पेढा घेतला, पंख्याखालची खुर्ची घेतली आणि बऱ्याच वेळानं माझ्याकडे वाकून अदबीनं विचारलं, "या ताई मुलीकडच्या का?" तिचं नाव मी इथे सांगत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना ती आपली मावशी वाटते आणि उरलेल्यांना आत्या. त्यांच्यात उगाच वाद नको.

या स्वभावाला तिच्या नोकरीनं खतपाणी घातलं. एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते ना, तिच्यामागे ती बसायची. मी तेव्हा येवल्याच्या कॉलेजात शिकवत होते आणि नाशिकहून रोज अप-डाऊन करत होते. पहिल्या दिवशी मी खिडकीशी जाऊन येवल्याची गाडी कधी, एवढंच विचारलं. गाडीची वेळ तिनं सांगितली, पण शेवटी. त्याआधी मी पैठणी घ्यायला चाललेय का, लग्न कुणाचं, नसेल तर मग नोकरी कसली, सकाळी काही खाऊन निघालेय का, एवढ्या चौकशा तिनंच केल्या. मी खाल्लं नव्हतं. तिनं मला आत बोलावून आपला डबा उघडला आणि मेथीची भाजी पुढं केली. मागे रांगेतला एक जण ओरडायला लागला, तर त्याला म्हणाली, "दादा, पोरगी उपाशी हाय. तुमची गाडी कुठं जात नाय, ड्रायव्हर अजून चहा पितोय." पुढे कधीतरी सुरगाण्याचं एक म्हातारं जोडपं शेवटची गाडी चुकून स्टँडवर बसलेलं तिला दिसलं. त्यांना ती सरळ घरी घेऊन गेली आणि सकाळी पहिल्या गाडीत बसवून दिलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिच्याकडे नागलीच्या पापडांचं गाठोडं येतं. तिचे यजमान फार लवकर गेले होते, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं घर होतं, पण तिथं ती एकटी बसलेली मी कधी पाहिली नाही.

पुढे आमच्या ह्यांची बदली झाली, तीही थेट अंदमानातल्या एका लहानशा बेटावर, जेट्टीच्या कामावर. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला. मी कॉलेजमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सगळ्यांच्या हेव्याचा विषय होऊन ह्यांच्याबरोबर निघाले. बेट सुंदर होतं, यात वाद नाही. हिरवंनिळं पाणी, नारळ, सुपारी, पांढरी वाळू. पण सौंदर्य पाठ व्हायला फार दिवस लागत नाहीत. हे सकाळी लाँचमधून कामावर जायचे ते दिवस मावळता यायचे. मधल्या वेळात मी आणि समुद्र. शेजारी मंडल म्हणून एक बंगाली कुटुंब होतं, त्यांचं किराणा दुकान होतं. वर्षभरात मी मंडलबौदीशी, म्हणजे आपल्या भाषेत मंडलवहिनींशी, साबण, तांदूळ आणि काडेपेटी यापलीकडे बोलले नव्हते. मुळात मी भिडस्त, त्यात माझं हिंदी पुस्तकी. बोलायला कुणी नाही म्हणून मी भिंतीवरच्या पालीशी बोलायला लागले, तेव्हा माझं मलाच कळलं की हे काही खरं नाही. मी मैत्रिणीला फोन केला, "तू रिटायर झालीस ना? ये इकडे. चांगली महिनाभर राहा." आणि मनात ठरवून टाकलं की ती परत जाईल त्याच बोटीनं आपणही नाशिकला जायचं, ह्यांना बदली मिळेपर्यंत तिथंच राहायचं. हे मी तिलाही सांगितलं नाही आणि ह्यांनाही.

तिच्या स्वागताची मी केवढी तयारी केली होती! खोलीला नवे पडदे, दारात रांगोळी, जास्वंदीचा हार. शिवाय कोणत्या दिवशी तिला काय दाखवायचं ते ठरलेलं. हार घेऊन मी भर उन्हात जेट्टीवर उभी राहिले. बोट लागली, माणसं उतरली, हमाल उतरले, कोंबड्यांच्या टोपल्या उतरल्या. ही कुठं दिसेना. मग अगदी शेवटी ती बोटीच्या फळीवर दिसली. सगळे नीट उतरले की नाही ते बघत थांबली होती. एका आजीला हात देत होती, एकीचं मूल कडेवर होतं आणि बोटीचा खलाशी तिच्या पिशव्या घेऊन मागून येत होता. मला पाहिल्याबरोबर तिचा चेहरा फुलला. "ये, ये, वंदू! किती वेळ उन्हात उभी आहेस गं? घसा सुकला असेल. चल, आधी सावलीत बस." असं म्हणून तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून मलाच पाजली. हार माझ्या हातात तसाच राहिला. तोवर तिनं बोटीतल्या मंडळींना माझी ओळख करून दिली होती, "ये हमारी मैत्रीण. इसके घर को सब लोग आनेका बरं का. अनमान नहीं करनेका." शेवटी तो हार आजींच्या गळ्यात पडला, त्या पहिल्यांदाच मुलाकडे आल्या होत्या आणि त्यांना घ्यायला येणाऱ्या मुलाला उशीर झाला होता.

तिच्या पिशव्यांचं तर काय सांगू! कांदे, मिसळीचा मसाला, चिवडा, मनुका, नागलीचे पापड आणि या सगळ्यांच्या तळाशी एक लांबरुंद सतरंजी. विमानानं, बोटीनं, समुद्र ओलांडून या बाईनं सतरंजी आणली होती. ह्यांना हसू आवरेना. "अहो, इथं काय लग्नकार्य आहे का?" तर म्हणाली, "भाऊजी, माणसं आली तर बसायची कुठं? तुमच्याकडं सगळ्या खुर्च्या. खुर्चीवर माणूस एकटाच बसतो." त्याच संध्याकाळी सतरंजी ओट्यावर पसरली गेली आणि पुन्हा घडी घालायची वेळ फारशी आली नाही. दुसऱ्या दिवशी मी उठून बाहेर आले तर मंडलबौदी तिच्यासमोर मांडी घालून चिवडा खात होती. एक मराठीत बोलत होती, दुसरी बंगालीत, आणि दोघी एकमेकींना हसून टाळ्या देत होत्या. बौदीची थोरली मुलगी पोर्ट ब्लेअरला नर्स आहे, धाकटीचं शिक्षण अडलंय, तिच्या सासूबाई फाळणीनंतर पूर्व बंगालातून इथं येऊन राहिल्या, त्यांनी हातानं जंगल साफ करून घर उभं केलं, हे सगळं मला शेजारी राहून ठाऊक नव्हतं, ते माझ्या पाहुणीनं मला चहा देता देता सांगितलं. चहाही अर्थात तिनंच केलेला. बौदीनं स्वागत म्हणून वाटीभर मासळीचा रस्सा पाठवला. ही जन्माची शाकाहारी. पण वाटी परत पाठवणं तिच्या धर्मात बसत नव्हतं. तिनं पदर नाकाला लावून रस्सा माझ्यासमोर ठेवला, "रंग लय सुरेख आलाय," म्हणून मनापासून कौतुक केलं आणि मला तो संपेपर्यंत उठू दिलं नाही.

मी ठरवलेल्या सगळ्या जागा तिनं पाहिल्या, पण तिच्या पद्धतीनं. लोक समुद्रकिनाऱ्यावर जाऊन समुद्राकडे तोंड करून बसतात. ही समुद्राकडे पाठ करून बसायची आणि येणारे लोक बघायची. मी वैतागून म्हटलं, "अगं, सूर्य बुडतोय मागे." "बुडू दे गं, उद्या येतोय की तो. ही माणसं उद्या दिसायची नाहीत." किनाऱ्यावर शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे असतात. त्यांतला एक रस्ता चुकून आमच्या स्वयंपाकघरात शिरला. मी झाडू उचलला तर तिनं माझा हात धरला. "असू दे. बिचारा घर पाठीवर घेऊन आलाय, आपल्याला जागेचा तरी काय त्रास?" त्याच्यापुढं तिनं भाताची चार शितं ठेवली. आणि एवढ्या कौतुकानं हिंडणाऱ्या बाईला बेटाबद्दल तक्रार एकच होती, ती तिनं नळाशी उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना ऐकवली, "चारों तरफ इतना पाणी, और नळाला पाणी नाय! इसको क्या अर्थ है?" बायकांना अर्थ नेमका कळला असावा, कारण नळावर त्या दिवशी मी पहिल्यांदा हसण्याचा आवाज ऐकला. मीही हसले होते, हे मागाहून लक्षात आलं.

तिचं जायचं जवळ आलं होतं आणि एक दिवस सकाळी हे लाँचमधून पलीकडच्या बेटावर जेट्टीची पाहणी करायला गेले. दुपारी जेवायला येतो म्हणाले. ती नेहमीप्रमाणे बोटीच्या वेळेला जेट्टीवर गेली. कोण आलं, कोण गेलं हे बघितल्याशिवाय तिला जेवण जात नसे. दुपार व्हायच्या आधीच आभाळ काळंठिक्कर पडलं. वारा असा सुटला की नारळाची झाडं जमिनीला टेकतात की काय असं वाटावं. समुद्राचा रंगच बदलला. मी ह्यांना फोन लावत राहिले. रेंज केव्हाच गेली होती. जेवणाची वेळ टळली, लाँचचा पत्ता नाही. मी खिडकीच्या गजांना धरून उभी होते आणि डोक्यात नको नको ते येत होतं. तेवढ्यात फाटक वाजलं. मी धावत बाहेर आले. ही नखशिखांत भिजून पुढं, आणि तिच्यामागे डोक्यावर पिशव्या धरलेल्या माणसांची ही रांग! एक म्हातारं तमिळ जोडपं, हातात लाल चुडा असलेली नवी नवरी आणि तिचा गारठलेला नवरा, रांचीकडचे चारपाच मजूर, कोंबड्यांची टोपली घेतलेली एक बाई, शिवाय दोन-चार पोरं. पोर्ट ब्लेअरची बोट रद्द झाली होती. जेट्टीवरच्या शेडमध्ये पाणी शिरलं होतं. "या, या, आत या. घर आपलंच आहे," ती म्हणत होती. घर माझं होतं.

मी तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. "तुला काही कळतं का गं? हे समुद्रात आहेत! फोन लागत नाही. आणि तू माझ्या घरात जत्रा भरवतेस?" तिनं गॅस पेटवला, मोठं पातेलं चढवलं, आणि उरलेले कांदे माझ्यापुढं ओतले.

"हे चीर."

"मी काय म्हणतेय ऐकलंस का?"

"ऐकलं. चीर."

मी विळी ओढली. पहिल्या कांद्यालाच डोळ्यांतून धार लागली आणि मग ती कांद्याची राहिली नाही. बाहेरच्या खोलीत पोरं रडत होती, कोंबड्या ओरडत होत्या, कुणीतरी ओले कपडे पिळत होतं. ती माझ्याकडे पाठ करून फोडणी परतत होती आणि तशीच, मागे वळून न बघता, बोलायला लागली.

"आमच्या लग्नाला वर्ष नव्हतं झालं. हे मोटरसायकलवर कळवणला गेलेले, चुलतभावाच्या साखरपुड्याला. दिवेलागणीला येतो म्हणाले. आम्ही नवीनच राहायला आलेलो, बिल्डिंगमध्ये कुणाची ओळख नाय. अंधार पडला तरी पत्ता नाही. वाटलं, उगाच कुणाला कशाला त्रास द्यायचा. दार लावून बसले. भिंतीपलीकडं माणसं जेवत होती, भांडी वाजत होती, कुणीतरी हसत होतं. आणि अलीकडं मी. सकाळी बातमी आली, तर मला उठून दार उघडता येईना. काय मरायचं ते मी रात्रीच मरून घेतलं होतं गं."

इतक्या वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं. तिच्या घरात नेहमी इतकी माणसं असायची की विचारायला फट सापडायची नाही. तिनं पातेल्यात पाणी ओतलं.

"भाऊजी यायचे तर येतील. आपल्या हातात ते नाय. पण वाट एकटीनं बघायची नसते, वंदू. मीठ कुठं ठेवलंयस?"

मी मीठ दिलं. बाहेर मंडलबौदी भिजत स्वतःच्या घरचं भाताचं पातेलं घेऊन आली होती. कोंबडीवाल्या बाईनं तिला विचारलं, आत दीदी का रडते? बौदीनं सांगितलं. ती बाई ताडकन उठली. तिचा भाऊ जेट्टीमागच्या वायरलेसच्या खोलीत कामाला होता. त्याच्याकडेच मुक्काम करून ती परत निघाली होती, आणि तो ड्यूटीवर असल्यानं त्याचं घर बंद होतं. कोंबड्या माझ्या नवऱ्यापेक्षा मोलाच्या नाहीत अशा अर्थाचं काहीतरी म्हणून तिनं टोपली तमिळ आजोबांच्या स्वाधीन केली आणि बौदीची छत्री घेऊन त्या वादळात बाहेर पडली. छत्री फाटकाशीच उलटी झाली. ती तशीच गेली.

ती येईपर्यंत तमिळ आजीनं माझा हात आपल्या हातात घेऊन ठेवला होता. नवी नवरी आपल्या नवऱ्याच्या दंडाला धरून माझ्याकडे बघत होती. मजुरांपैकी एक जण दारातच उभा राहिला, रस्त्याकडे नजर लावून, जणू लाँचमध्ये त्याचंच माणूस होतं. मी या कुणालाही ओळखत नव्हते आणि तरी त्या दुपारी माझा जीव त्यांनी धरून ठेवला.

दिवेलागणीला दारातल्या मजुराची हाक आली. कोंबडीवाली बाई चिखलानं माखून धापा टाकत आली. "दीदी, नाव खाड़ी में बाँधा है। सब लोग ठीक है। सुबह आएगा।"

माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती, कारण स्वयंपाकघराच्या दारात हातातला डाव टाकून माझी मैत्रीण ढसाढसा रडत होती. दिवसभर एक टिपूस न काढलेली बाई पदरात तोंड घालून अशी रडली, की बौदीनं एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं तिला थोपटायला सुरुवात केली. मग तिनं नाक पुसलं, कंबर कसली आणि म्हणाली, "चला, पानं घ्या. भात निवतोय."

सकाळी समुद्र काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पसरला होता. हे आले, दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि आपल्याच घराच्या दारात थबकले. सतरंजीवर अनोळखी माणसं ओळीनं झोपलेली, ह्यांच्या आरामखुर्चीत तमिळ आजोबा, त्यांच्या पायाशी कोंबड्या. तिनं पुढं होऊन ह्यांच्या हातातली पिशवी घेतली. "या भाऊजी, या. दमला असाल. पाय धुवा, चहा टाकते." ह्यांनी हळूच विचारलं, "ही सगळी मंडळी कोण?" ती म्हणाली, "आपलीच आहेत." माझा नवरा मितभाषी माणूस. त्यानं एकदा माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि खाली वाकून तिला नमस्कार केला. ती केवढी लाजली! "अहो, हे काय, मी लहान आहे तुमच्यापेक्षा," म्हणत स्वयंपाकघरात पळाली.

ती निघाली त्या दिवशी अर्धं बेट जेट्टीवर आलं होतं. मी माझी बॅग काही माळ्यावरून काढली नाही. बोटीवर चढताना ती सगळ्यांशी बोलली, सगळ्यांना नाशिकला यायचं आमंत्रण दिलं, आणि माझ्याजवळ आली तेव्हा तिनं नुसता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पोचले की फोन करते," म्हणाली. "तोवर घरात बसू नकोस."

बोट, मग विमान, मग मुंबईहून नाशिकची गाडी. ती घरी पोचायची त्या संध्याकाळी मी मंडलांच्या ओट्यावर जाऊन बसले. बौदी सुपारी कातरत होती. मी माझ्या पुस्तकी हिंदीत तिच्याशी बोलत होते आणि तिच्या धाकट्या मुलीला मी शिकवायचं, असं आमचं बोलता बोलता ठरलंही. फोन वाजला.

"पोचले गं. तू कुठं आहेस?"

"बौदीकडे बसलेय."

"बरं केलंस."

नेहमी तिच्या फोनमागे कुणाचा ना कुणाचा आवाज असायचा. कुणी चहा मागत असायचं, कुणी गाडीची वेळ विचारत असायचं. आज काहीच नव्हतं. महिनाभर घर बंद होतं, येणार कोण? नुसता किल्ल्यांचा आवाज आला.

"तुझ्याकडे कोण आहे?" मी विचारलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होते.

"आत्ता कुठं कुलूप काढतेय," ती म्हणाली.

कुलूप गंजलं असावं. ती किल्ली फिरवत राहिली, मी ऐकत राहिले. मग दार करकरलं.

"ठेवू का फोन?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "दिवा लाव. चहा टाक. मी आहे."

बौदी सुपारी कातरायची थांबली आणि माझ्याजवळ सरकून बसली. पलीकडे दिव्याचं बटण वाजलं, नळ सुटला, भांडं ठेवल्याचा आवाज आला. चहा उकळेपर्यंत आम्ही तिघी तशाच बसून होतो.